पांढरं फडकं

वीजकेंद्राच्या कॉलनीत दोरी पुसल्याशिवाय कुणी कपडे वाळत घालत नाही. चिमणीची राख बसलेली असते. कोळसा सोडून सौरऊर्जेकडे कसं वळायचं, हे सरकारला सांगणं माझं काम. त्याच कामाच्या बैठकीसाठी आलो होतो आणि विश्रामगृहाच्या खिडकीशी उभा होतो. समोरच्या गच्चीत एका बाईंनी सवयीनं दोरीवरून ओलं फडकं फिरवलं. ते पांढरंच राहिलं. त्या थबकल्या. चिमणीकडे पाहिलं, तर धूर नव्हता.

"अहो, केंद्र बंद केलं का हो?" त्यांनी घरात, तिथंच कामाला असलेल्या नवऱ्याला विचारलं.



स्वच्छ हवेवर मी आजवर किती बोललोय. तिची कुणाला इतकी भीती वाटेल, असं कधी मनात आलं नव्हतं. बाईंनी दोरी पुन्हा पुसली, जोर लावून, थोडं तरी काळं लागेल म्हणून.