आंधीचा मुहूर्त

ढुंढिराज करंबेळकरांना राग यायला फार काही लागत नसे. भाजीवाल्यानं वांगी निवडू दिली नाहीत तरी यायचा. पण त्यांचा खरा, मुरलेला राग एकाच गोष्टीवर होता. हवामान खात्याचा इशारा आला की लोक हसतात, यावर.

चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात काढली होती. तिथं वादळाचा संदेश आला की पुढच्या स्टेशनांना कळवायचं, ड्रायव्हरला सावधगिरीचा हुकूम द्यायचा, गाडी हळू न्यायची. वादळ आलं नाही तर गाडी वीस मिनिटं उशिरा पोहोचायची, एवढंच. संदेश खोटा निघाला म्हणून कंट्रोलमध्ये कुणी टाळी देऊन हसल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

निवृत्तीनंतर ते काशीला, बालाजी घाटावरच्या घरी परतले. घर भिक्षुकांचं. थोरले बंधू वासुदेवशास्त्री मुहूर्तासाठी नावाजलेले; इंदूर-नागपूरहून लोक फोन करून वेळ विचारत. या घरात वेळ म्हणजे वेळ. चार वाजून बावीस मिनिटांनी म्हटलं की बावीस, तेवीस नव्हे. ‘शक्यता आहे’ असं बोलणाऱ्याला तिथं कुणी पाटावर बसवलं नसतं.

त्या वर्षी चैत्रापासून ढुंढिराजांच्या फोनवर चार वेळा आंधीचा, धुळीच्या वादळाचा, इशारा आला. चारही वेळा त्यांनी तो घरात आणि घाटावर वाचून दाखवला. पहिल्या वेळी घरात मुंज होती. त्यांनी आरडाओरडा करून गच्चीवरचा मांडव उतरवायला लावला आणि दिवसभर झाडाचं पान हललं नाही. साठ पानं भर उन्हात उठली. जावयांपैकी एकानं डोक्यावर पत्रावळ धरून जेवताना विचारलं, काका, आंधी आली का, की वाढायला थांबली आहे? तेव्हापासून त्यांचं नाव आंधीकाका पडलं. घरातल्या पोरांनी ठेवलेलं नाव आठवड्यात घाटावरच्या मल्लाहांपर्यंत, नावाड्यांपर्यंत पोहोचलं.

तिसऱ्या इशाऱ्याच्या वेळी जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आंबे झडले, पत्रे उडाले, दोन म्हशी भिंतीखाली गेल्या. ढुंढिराजांनी दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र भावापुढे आपटलं. वासुदेवशास्त्रींनी चष्मा लावून बातमी शांतपणे वाचली आणि म्हणाले, “ते तिकडं, ढुंडू. इथं काय पडलं?”

“इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो, दादा. तुमच्या गच्चीला वेगळा पाठवत नाहीत.”

“मग त्याचा आम्हाला उपयोग काय?”

गेल्या वर्षी पंचांगात रोहिणीला भरपूर पाऊस लिहिला होता आणि घाटाच्या पायऱ्या तापून पाय भाजत होते, त्याचा जाब कुणी विचारला का, असं ढुंढिराजांनी विचारलं. पंचांगाचं वेगळं, असं उत्तर मिळालं. काय वेगळं, ते कुणी सांगितलं नाही. ढुंढिराज दोन दिवस भावाशी बोलले नाहीत.

ज्येष्ठात वासुदेवशास्त्रींच्या धाकट्या मुलीचं, देवश्रीचं लग्न झालं. ढुंढिराजांना स्वतःचं मूल नव्हतं. सुट्टीवर आले की देवश्रीला खांद्यावर घेऊन घाट दाखवणारे तेच, तिला सायकल शिकवणारेही तेच. जावई ऋतुराज इंदूरचा, बँकेतला. आता करंबेळकर घरानं काशीत इतक्या पिढ्या काढल्या होत्या की काशीची रीतही त्यांची झाली होती. लग्नानंतर गंगापूजन करायचं आणि नवरानवरीनं आर-पारची माळ चढवायची. झेंडूच्या लांबच लांब माळेचं एक टोक घाटावरच्या खुंट्याला बांधतात, दुसरं बोटीत. बोट पलीकडच्या वाळूपर्यंत जाते आणि माळ अख्ख्या पात्रावर पसरते. वासुदेवशास्त्रींनी वेळ काढली होती चार वाजून चाळीस मिनिटांची. बोट नेहमीच्या प्रल्हाद मल्लाहाची. माणसं अठरा.

तीन वाजता इशारा आला. पुढील तीन तासांत जिल्ह्यात काही ठिकाणी विजांसह ताशी पन्नास ते साठ किलोमीटर वेगाने वादळी वारे वाहण्याची शक्यता. रंग नारिंगी.

ढुंढिराजांनी तो दोनदा वाचला. मांडव उडाला तर उडाला. इथं देवश्री भर पात्रात असणार होती, आणि तिला पोहता येत नव्हतं. आणि घाटाची एक खोड त्यांना ठाऊक होती. घाटांचं तोंड पूर्वेला आहे. आंधी येते पश्चिमेकडून, पाठीमागून, उंच घरांच्या आडून. पायऱ्यांवर उभ्या माणसाला ती डोक्यावर येईपर्यंत दिसत नाही. समोर निळं आभाळ पाहून तो म्हणतो, सगळं साफ आहे.

ते बैठकीत गेले तेव्हा सगळे नटूनथटून बसले होते. त्यांच्या हातातला फोन पाहूनच हसू पसरलं. कालिंदीवहिनी म्हणाल्या, भाऊजी, आज पाचवी का? कुणीतरी पत्रावळीची आठवण काढली. ‘शक्यता’ हा शब्द ढुंढिराजांच्या ओठावर आला होता. तो उच्चारला की काय होणार, ते त्यांना दिसत होतं. डोक्यात रक्त चढलं. या माणसांना यांच्याच भाषेत सांगितलं पाहिजे, असं त्यांना वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी संदेशात स्वतःचे शब्द घातले.

“पाच वाजून दहा मिनिटांनी आंधी येणार आहे. वेळेसकट आलं आहे.”

वासुदेवशास्त्रींनी मान वर केली. पाच दहा? पाच दहा, ढुंढिराज म्हणाले. शास्त्रीबुवांनी पंचांग ओढलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि जाहीर केलं की चार चाळीस नाही तर पाच वीसची वेळही चालते. बाधा टळून जाऊ दे. मांडव उतरवताना दोन तास वाद घालणाऱ्या घरानं अर्ध्या मिनिटात ऐकलं. ढुंढिराजांना हायसं वाटलं, आणि लगेच जास्तच राग आला. खरं सांगितलं तेव्हा हसले. थाप मारली तर पंचांग उघडलं. तरी त्यांनी मनाशी हिशेब केला होता की एकदा लोक थांबले की सहापर्यंत थोपवून धरू.

पाचला सगळे घाटाच्या पायऱ्यांवर जमले. बोट बांधलेली, ढोलक तयार. पाच दहा झाले तेव्हा सगळ्यांच्या नजरा मनगटांवर होत्या. पाण्यावर वाऱ्याची झुळूकही नव्हती. पलीकडची वाळू चमकत होती. पाच बाराला पहिलं हसू फुटलं. पाच पंधराला बायका बोटीत चढू लागल्या.

ढुंढिराज बोटीच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. सहापर्यंत थांबा, म्हणाले. तुम्हीच तर वेळ सांगितली होती, असं ऋतुराज नम्रपणे म्हणाला. प्रल्हादनं दोर सोडता सोडता म्हटलं, “टाइम तो निकल गया, चाचा.” राहुकाळ संपावा तशी सगळ्यांच्या दृष्टीनं आंधी संपली होती. वासुदेवशास्त्री बोटीतून म्हणाले, “ढुंडू, बाजूला हो. दुसरी वेळ चुकते आहे.”

देवश्रीनं त्यांचा हात धरून आत ओढायचा प्रयत्न केला, “चला ना काका, रागावू नका.” त्यांनी हात झटकला. बुडा, असं काहीतरी ते पुटपुटले आणि तरातरा पायऱ्या चढून गेले.

घरी पोहोचून ते सरळ गच्चीवर गेले, आणि तिथं थिजले. पश्चिमेला विटकरी भिंत उभी होती. धुळीची, जमिनीपासून आभाळापर्यंत. तिच्यासमोर घारी वेड्यावाकड्या उडत होत्या. ढुंढिराज खाली धावले. गल्लीत दोनदा ठेचकाळले, एक चप्पल तिथंच राहिली. पायऱ्यांवर आले तेव्हा बोट भर पात्रात होती, मागं केशरी माळ सुटत चालली होती, आणि ढोलक आणि मोटर यांच्या आवाजात त्यांची हाक विरून गेली. आपण बोटीच्या तोंडाशी आडवे उभेच राहिलो असतो तर, हा विचार पुरा होण्याआधी वारा त्यांच्या पाठीवर आदळला.

पुढची दहा मिनिटं त्यांना धुळीत काहीच दिसलं नाही. खुंट्याला बांधलेल्या माळेचं टोक तेवढं त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. ते केव्हा तुटलं, कळलंही नाही.

वारा पश्चिमेचा होता म्हणून बोट पलीकडे वाळूवर फेकली गेली. माणसं सगळी वाचली. देवश्रीच्या कपाळाला तीन टाके पडले. छताचा बांबू मोडून प्रल्हादच्या डाव्या हातावर आला आणि हाड दोन ठिकाणी मोडलं. त्याच हातानं तो सुकाणू धरून होता, आणि मोडल्यावरही सोडलं नाही, असं ऋतुराज सगळ्यांना सांगत होता.

दुसऱ्या दिवशी ढुंढिराज बैठकीत शिरले ते भांडायच्या तयारीनं. आंधी आली होती. तीन तासांच्या आत, इशाऱ्यात लिहिल्याप्रमाणे आली होती. त्यांनी तोंड उघडण्याआधी वासुदेवशास्त्री बोलले, आवाज न चढवता.

“तू सांगितलेली वेळ टळली म्हणून मी पोरीला बोटीत बसवलं.”

ढुंढिराजांकडे शिव्या होत्या, पुष्कळ होत्या. पण त्या कुणाला द्यायच्या ते ठरेना. ते तसेच उठून प्रल्हादकडे गेले. तो खाटेवर बसला होता, हात गळ्यात.

“चाचा, मोबाइल में टाइम लिखा था?”

“नाही.”

“फिर काहे बोले?”

“तुम लोग वरना सुनते नहीं,” ढुंढिराज म्हणाले. स्वतःच्याच कानाला ते फार गरीब वाटलं. प्रल्हादनं गळ्यातली झोळी सारखी केली. मग म्हणाला, “पूछते तो हम ही हैं, कितने बजे.”

आषाढ लागायच्या आत पुन्हा इशारा आला. दुपारी दोन ते पाच. ढुंढिराज घाटावर उतरले आणि संदेश जसाच्या तसा वाचला, ‘काही ठिकाणी’सकट, ‘शक्यता’सकट. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, आंधीकाका, किती वाजता?

“माहीत नाही,” ते कडाडले. “मला माहीत नाही, खात्याला माहीत नाही, दादांना तर मुळीच नाही. पाचपर्यंत केव्हाही. नाहीतर येणारही नाही. बसायचं तर बसा बोटीत.”

लोक हसले. चार बोटी सुटल्या. प्रल्हादची बोट आता त्याचा भाऊ चालवत होता, आणि त्यात यात्रेकरू चढलेही होते. प्रल्हादनं त्यांना उतरवलं. यात्रेकरूंनी त्याला नावं ठेवली आणि शेजारच्या बोटीत जाऊन बसले. मग त्यानं भावाला करंबेळकरांच्या गच्चीवर पश्चिमेकडे पाहायला पाठवलं आणि स्वतः एका हातानं दोराला दुसरी गाठ मारू लागला. ती नीट बसेना. ढुंढिराज खाली वाकले, दोराचं दुसरं टोक धरलं.

त्या दिवशी आंधी आली नाही. चारही बोटी पैसे कमावून परतल्या आणि जाता जाता दोघांना काय काय बोलून गेल्या. ढुंढिराज दात ओठ खात पायरीवर बसून होते. पाच वाजले, तेव्हा प्रल्हादनं गाठ सोडली.