बोरन्हाणानंतरचा ताप

मी भित्रा माणूस आहे. गॅसचा वास येत नसतानाही शेगडीचं बटण तपासतो आणि बाळ शांत झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघतो. बायको म्हणते, तुला काळजी करायला कारण लागत नाही, नुसता फावला वेळ पुरतो. पण त्या जानेवारीत मी घाबरलो ते उगाच नव्हे.

आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, आणि माझी मोठी बहीण बदलापूरला, मांजर्लीत. लहानपणी मला न्हाऊ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. त्यामुळे ती बोलायला लागली की मी आजही मुकाट्यानं ऐकतो. तिचा मुलगा चार वर्षांचा. तान्हेपणी त्याला एक लस टोचली तेव्हा तो दोन दिवस तापानं फणफणला होता, आणि ताईनं त्या तापाचा धसका घेतला. त्यात कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पांढरा कोट घातलेला एक माणूस सांगत होता की गोवराच्या सुईनं मुलं मंद होतात, मोठेपणी त्यांना मूल होत नाही, आणि हे सगळं मुद्दाम चाललंय. कोट पांढरा असला की आपल्याकडे डिग्री विचारायची पद्धत नाही. ताईनं पुढच्या सगळ्या सुया बंद केल्या. बालवाडीत लसवाले येणार म्हटल्यावर त्या दिवशी पोराला घरीच ठेवलं.

मी ग्रुपवर भांडलो. लांबलचक उत्तरं लिहिली. शेवटी काकांनी लिहिलं, "हा ग्रुप शुभेच्छांसाठी आहे, इथे वाद नकोत," आणि त्याखाली तोच व्हिडिओ पुन्हा येऊन पडला. इमारतीतही तीच चर्चा. खालच्या मजल्यावर जीन्सची बटणं आणि चेनी विकणारे सिंधी शेजारी आहेत. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "साईं, मेरे तीनों को सब टीके लगे हैं, घोडे जैसे घूमते हैं. पर वीडियो देखके डर तो लगता है ना?" मी म्हटलं, कुछ नहीं होता. तेव्हा मला खरोखरच भीती वाटत नव्हती. माझी मुलगी सात महिन्यांची होती, तिच्या तोवरच्या लसी वेळेवर झाल्या होत्या, आणि गोवराची पहिली सुई नऊ महिने पुरे झाल्यावर असते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही तिचं बोरन्हाण केलं. बाळाला काळा झबला घातला, हलव्याचे दागिने चढवले. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. बदलती हवा बाळाला बाधू नये म्हणून हे करतात, असं आई सांगते. मान आत्याचा. ताईनं मुकुट आणि बाजूबंद स्वतः बनवून आणले होते, आणि बाळ तिच्याच मांडीवर होतं.

भाचा आला तोच नाक ओढत. डोळे लाल आणि पाणावलेले. मी विचारलं तर ताई म्हणाली, "अरे, हवा बदललीय. आमच्याकडे नदीवरून सकाळी केवढा गारठा येतो." पोरं पाटाभोवती दाटीवाटीनं बसली, त्यात भाचा सगळ्यांत पुढे, अगदी बाळाच्या तोंडाशी. लूट झाल्यावर त्यानं स्वतः चोखलेला हलव्याचा दाणा मोठ्या प्रेमानं तिच्या ओठांना लावला आणि तिच्या तोंडावरच खोकला. मी बाळाला चटकन उचललं. आई डाफरली, "भाच्याला असं तोडतात का रे?" आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. जेवायच्या पंगतीत पहिलं पान त्याचं. त्याला लांब बस म्हणणं आमच्या घरात कुणाच्याच तोंडून निघालं नसतं. मी बाळाला पुन्हा ताईच्या मांडीवर दिलं.

मंगळवारी दुपारी मी कामावर असताना ताईचा फोन आला. "त्याला गोवर आलाय रे. कानामागून सुरू झाला, आता छातीवर उतरलाय. छान उठलाय, म्हणजे सगळं बाहेर पडेल." दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला होता, घरात फोडणी बंद केली होती. ती काळजीत होती, पण घाबरलेली नव्हती. घाबरलो तो मी. तो खोकला आणि तो हलव्याचा दाणा मला पुन्हा पुन्हा दिसायला लागला, आणि हातातलं काम तसंच टाकून मी घरी निघालो.

संध्याकाळी बाळाला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सहा महिन्यांपुढच्या बाळाला लागण होण्याचा संभव असेल तर एक जादा डोस देता येतो. पण संपर्क झाल्यापासून तीन दिवसांच्या आत. म्हणजे उद्या सकाळीच या. नऊ महिन्यांचा डोस तरीही घ्यायचाच." मी विचारलं, मग गोवर नक्की टळेल ना? "टळण्याची शक्यता बरीच वाढते. नक्की असं मी म्हणणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, लसीनंतर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप येऊ शकतो. गोवर व्हायचा असला तर त्याचाही ताप त्याच सुमाराला येतो. तेव्हा घाबरून जाऊ नका." हे त्या कुणाला सांगत होत्या, ते त्यांना माहीत नव्हतं.

घरी आलो आणि माझं मलाच नवल वाटायला लागलं. वर्षभर ग्रुपवर दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा मी, आता मलाच तो पांढरा कोट दिसत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत. नऊ महिन्यांची सुई सात महिन्यांच्या पोरीला द्यायची, तीही माझ्या होकारानं, आणि काही झालं तर? तो व्हिडिओ खोटा आहे हे मला पाठ होतं, पण त्या पाठांतराचा काडीचा उपयोग होत नव्हता. ताई गेली दोन-तीन वर्षं या भीतीत कशी राहिली असेल, ते मला पहिल्यांदा कळलं. सुई दिली तर ही भीती, न दिली तर ती. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात आई बाळाच्या पाळण्याशी बसून डोळे पुसत होती. "एवढ्याशा जिवाला कशाला रे आणखी टोचता? कडुलिंब आहे ना."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "तू घाबर, तुझा स्वभावच आहे. आईंनाही घाबरू दे. उद्या बाळाला मी धरते, तू बाहेर थांब."

मी बाहेर थांबलो नाही. सुई टोचली तेव्हा पोरगी किंचाळली आणि माझ्या बोटाला तिनं असं धरलं की मला वाटलं, हिला सगळं समजतंय.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. उजाडलं की आधी तिच्या कानांमागे बघायचं, मग कपाळावरच्या केसांच्या कडेला. एकदा तिथे लाल ठिपका दिसला आणि माझं धाबं दणाणलं. डास चावला होता. दरम्यान भाच्याचं पुरळ मावळलं पण ताप पुन्हा चढला. तो धापा टाकायला लागला, तेव्हा ताईनं कडुलिंब सोडून दवाखाना गाठला. फुप्फुसात न्यूमोनिया उतरला होता. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. डॉक्टरांनी ताईला काही सुनावलं नाही की ते रागावले नाहीत, तिला वाटलं होतं रागावतील.

ज्या दिवशी बाळाचं अंग गरम लागलं, त्याच संध्याकाळी मी ताईला डबा द्यायला दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दोन दिवस वाट बघू, पुरळ येतंय का पाहू. ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. केस विस्कटलेले, डोळे आत गेलेले. मी चढायला लागलो तसा तिनं हात पुढे केला.

"तिथंच थांब. वर येऊ नकोस. तुला बाळाकडे जायचंय."

मला लहानपणी झालेला गोवर तिला माहीत होता, तरीही ती खाली आली नाही. मी डबा मधल्या पायरीवर ठेवला. विचारलं, तो कसा आहे? "ऑक्सिजन कमी केलाय आज. थोडी पेज घेतली," ती म्हणाली, आणि मग, "बाळ?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ताईशी मला खोटं बोलता येत नाही.

"सकाळपासून ताप आहे," मी म्हटलं. "सुईचा आहे की गोवराचा, ते अजून सांगता येत नाही म्हणतात."

तिनं भिंतीला टेकून डोळे मिटले, हात जोडले.

"सुईचाच असू दे रे देवा," ती म्हणाली. "माझ्या पोरीला सुईचाच ताप असू दे."

मी खालच्या पायरीवर उभा राहून तेच मागत होतो.