जिन्याखालचं कुलूप

“ह्या दाराची चावी कुठाय?” मी परत विचारलं.

रेक्टर मॅडम कौतुकाने हसल्या. “वॉचमनकडे. तो चहाला गेलाय. बघा ना, किती सेफ आहे!”

सेफ! मी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. हा शब्द कुणी असा वापरला की माझं डोकंच सटकतं. लेक सायली बारावी झाली, म्हणून रत्नागिरीजवळचं हे कॉलेज बघायला आलो होतो. तिला लॅब आवडली, लायब्ररी तर फारच. मग पालकांना मुलींचं हॉस्टेल दाखवलं. मागच्या जिन्याखाली फायर एक्झिट, म्हणजे आग लागली तर बाहेर पडायचं दार. त्यालाच भलंथोरलं कुलूप!

“बाबा, गप ना,” सायली कोपर मारत कुजबुजली. तिला ॲडमिशनची काळजी.

“मॅडम, पुढच्या जिन्यात धूर भरला तर पोरी उतरणार कुठून?”

“पालकांचीच मागणी होती, सर.”

दापोलीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. ते लगेच पुढे झाले. “बरोबरच आहे हो. दार उघडं राहिलं नि पोरी रात्री पळाल्या म्हणजे?”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, पळता आलंच पाहिजे! आग लागल्यावर काय रांगोळी काढत बसायचं?”

तेवढ्यात सायलीनेच विचारलं, “मॅडम, मुलांच्या हॉस्टेललाही असं कुलूप आहे?”

“छे गो! मुलं कुठे ऐकतात?”

“मग मला इथे नाही राहायचं.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

“मलापण नाही,” त्या गृहस्थांची मुलगी म्हणाली.

मी तडक प्रिन्सिपॉलांची केबिन गाठली. पॅनिक बार समजावला. दाराला आतून आडवा दांडा असतो, तो ढकलला की दार उघडतं. बाहेरून मात्र कुणाला येता येत नाही. दार उघडताच घंटा वाजते, म्हणजे रेक्टरला कळतं. “हे बसवा, नाहीतर मी लेखी तक्रार करतो,” म्हटलं. कुरकुरत का होईना, बसवला.

दोघींनी तिथेच ॲडमिशन घेतली. राहायला गेल्यावर सायलीने सामान टाकलं आणि आधी जाऊन तो दांडा ढकलला. घंटा खणखणली. मुलीला सोडायला आलेले ते गृहस्थ धावत आले, दार नीट न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “झकास झालंय हो. फक्त बाहेरून एक छोटीशी कडी लावून घेऊया का?”

कंपनीत कामगारांचं फायर ड्रिल मी घेतो. ह्या बापांचं कुणी घ्यायचं?