गा आणि वं

आमच्या नागपूरकडे पुरुषाला हाक मारताना ‘गा’ लावतात आणि बाईला ‘वं’. मला सगळं घर ‘वं’ म्हणायचं, कारण मी मुलगी म्हणून जन्मलो होतो. मनातल्या मनात मात्र मी ‘आलो, गेलो’ असंच बोलायचो. बाहेर तसं वागता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे मुलींच्या कबड्डीचं मैदान. कुणी सुरू केलं ठाऊक नाही, पण मी चढाईला निघालो की संघातल्या सहाही जणी ओरडायच्या, “जाय गा! मार गा!”

त्या ‘गा’नंच घात केला.

जिल्ह्याच्या संघाची निवड होती. समोर उमरेडच्या मुली. माझ्या चढाईत त्यांची कोपऱ्यावरची मुलगी पडली, गुडघा सोलला. उठली ती थेट पंचांकडे गेली. “काका, यायच्याच पोरी इले गा म्हणून राहिल्या. आमी पोरींशी खेळाले आलो, पोट्ट्याशी नाही!”

“मिशी पाहा ना काका!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

पंचांनी नियम सांगितला. वरून हुकूम होता. हरकत आली की डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, तोवर बाहेर बसायचं.

वडील समतेच्या चळवळीची पत्रकं वाटत, ती वाचतच मी मोठा झालो. समता मला पाठ होती. पण त्या मुलीच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि झुंज बरोबरीची असावी हे तिचं मागणं खोटं नव्हतं. मग बरोबरी मोजायची कशानं? तिच्याच संघात एक जण माझ्याहून हातभर उंच होती. तिला कुणी डॉक्टर दाखवला नाही. नियम फक्त संशय आला की जागा व्हायचा, आणि संशय माझ्यासारख्यांवरच यायचा.

आमची कर्णधार पंचांपुढे हात जोडून उभी राहिली. “आमी मस्करीत गा म्हणतो हो काका. पोरगीच हाय ते.” मग माझ्याकडे वळली. “सांग ना वं! डॉक्टर काय खाते तुले?”

मागून बाकीच्या, “हो वं, जाय ना वं!”

मला वाचवायलाच निघाल्या होत्या बिचाऱ्या. त्यांच्या बोलण्यात मी कुठंच उरलो नव्हतो.

डॉक्टरांनी मला मुलगीच ठरवलं असतं, जागाही मिळाली असती. पण ती ‘मी बाई आहे’ असं कबूल करून घ्यावी लागणार होती.

“मी नाही जात,” मी म्हणालो.

“काहून?”

उत्तर माझ्याकडे होतं. ते ऐकून घेईल असं तिथं कुणी नव्हतं. सामना माझ्याविना सुरू झाला.

पुढल्या हिवाळ्यात मी कन्हानला मुलांच्या मैदानावर गेलो आणि खेळायला घेता का, म्हणून विचारलं. त्यांचा म्होरक्या भला होता. आधी पाणी दिलं. मग म्हणाला, “पोरीले घेतलं तर सामनाच रद्द होईन, बाई. अन् लागलंबिगलं तर तुहा बाप आमाले धरीन.”

रेषेबाहेर बसून मी त्यांचा खेळ पाहिला. ते सात जण पुरे होते. नागपुरात आमच्या संघालाही तोवर सातवी मिळाली होती.