नेरेत्वाच्या पुलावर माझी टाच

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पण कप आधी खाली ठेवा, चहा सांडेल. बाल्कनमधली एक आख्खी नदी मी गढूळ केली आहे. तीही इथे, बॉनमध्ये, लोकांच्या अंगणात!

नवं नवं लग्न, आणि संसार निखिलच्या मित्राच्या सोफ्यावर. जर्मनीत नवरा मिळतो हो, घर मिळत नाही! शेवटी एका बोस्नियन आजोबांनी त्यांच्या घराचा वरचा मजला बघायला बोलावलं.

"तू फक्त गोड हस," निखिलने बजावलं. "हे घर गेलं तर परत सोफा!" आणि बेल वाजवून तो पुढे गेला.

माझे पाय चिखलाने बरबटलेले. अशा पायांनी परक्याच्या घरात? आईने ऐकलं असतं तर! आणि बघते तर काय, दाराशीच पाय धुवायची सोय! दगडांतून खळखळणारं पाणी, खाली पसरट हौद, टाच घासायला छोटी कमानदार वज्रीसुद्धा. म्हटलं, परदेशात राहून संस्कार जपलेत हो माणसाने!

हौदात पाय सोडले. टाच घासली. जरा जोर लावला, तर वज्री कटकन हातात!

तेवढ्यात आजोबा निखिलला घेऊन बाहेर आले.

"तर, आधी आमची नेरेत्वा नदी बघा! आख्खं खोरं मी हाताने बनवलंय. हा डोंगरातला उगम, ही दरी, हे मोस्तार शहर. इथला पूल तुर्कांनी बांधला. ऑस्ट्रियन आले, गेले, पूल उभा! युद्धात पडला, तर आम्ही पुन्हा बांधला. खाली या संत्र्यांच्या बागा, आणि हा ॲड्रिॲटिक समुद्र..."

समुद्रात मी होते. घोट्यापर्यंत. हातात पूल.

"ही... माझी बायको," निखिल म्हणाला. नाइलाजाने.

"काय करतेस, मुली?"

"पाय धुतेय, आजोबा," मी मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं. "घरात यायचं होतं ना."

"आणि पूल?"

"त्याने... टाच घासली."

आजोबा पायरीवर मटकन बसले. गेलं घर, मी मनात म्हटलं. पण त्यांचे खांदे हलत होते. म्हातारा हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

"माझी आईसुद्धा पाय धुतल्याशिवाय आत घेत नसे," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या ओल्या हातात ठेवली.

पूल त्यांनी चिकटवला. आता पाहुणे आले की अंगणात नेरेत्वाचा इतिहास रंगतो आणि मला वर खिडकीत सगळा ऐकू येतो.

"तुर्क आले, ऑस्ट्रियन आले, युद्ध आलं. या पुलाने सगळं पाहिलं," आजोबा सांगतात. मग त्यांचं बोट हळूच आमच्या खिडकीकडे वळतं.

"आणि मग पुण्याहून ही आली."