ज्वारीच्या डब्यातली डिस्क

आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरूइतका भित्रा माणूस अख्ख्या लातुरात नसेल. कुलपाच्या दोन किल्ल्या सगळेच ठेवतात. यानं तिसरी करून माझ्याकडे दिली, आणि ती लागते का हे दर महिन्याला येऊन बघायचा. चष्मे दोन, छत्र्या दोन. मी म्हणायचे, "बायको एकच मिळते, म्हणून राहिलास बिनलग्नाचा." त्याला हसू यायचं नाही.

भूकंपात त्याची आई गेली. तिचा एकच फोटो होता, तो भिंतीबरोबर गेला. "आता तिचं तोंड आठवत न्हाई मावशी," असं त्यानं मला गवारी मोडताना सांगितलं. मी पुढची शेंग मोडली. दुसरं काय करणार?

पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. त्यातल्या एका मोठ्या क्लासचे कॉम्प्युटर तो सांभाळायचा. पोरांचे मार्क, पेपर, सगळं एका सर्व्हरवर. त्या सर्व्हरच्या डिस्कचा मुख्य भाग, ज्यावर मशीन चालतं तो, भरला. तो वाढवायचा होता. मी चौथी शिकलेली, मला त्यानं असं सांगितलं : "समजा, तुमच्या स्वयंपाकघराची भिंत सरकवायची हाय. लगतची खोली रिकामी पाहिजे, पलीकडची रिकामी असून उपयोग न्हाई. अन् सगळ्यात आधी भांडी बाहेर काढायची." भांडी बाहेर काढणं म्हणजे सगळ्याची कॉपी घेणं.

कॉपी घेऊनही त्याचं भागेना. त्याच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर ती उघडून बघितली. तिथंच भिंत सरकवायची दोनदा तालीम केली. पहिली कॉपी क्लासातच ठेवली अन् दुसरी एका डिस्कवर घेऊन माझ्या ज्वारीच्या डब्यात खुपसली. "एकाच इमारतीत दोन कॉप्या म्हंजे एकच," म्हणाला. तिसऱ्या दिवशी क्लासचे सर माझ्या अंगणात येऊन ओरडले, "एका बटणाचं काम! तीन दिवस काय करायलास?"

"कॉपी उघडून बघायलो, सर. दुसरी डिस्कवर घेऊन मावशींच्या डब्यात ठेवलीय."

रविवारी भिंत सरकली. एक अक्षर हललं नाही. सोमवारी सर म्हणाले, "काहीच तर झालं न्हाई, मग एवढा तमाशा कशाला?" आणि महिनाअखेरीला त्याला काढलं. अर्धं बुडवून अर्धं वाचवलं असतं, तर शाल-नारळ मिळाला असता. तो नांदेडला गेला. जाताना एवढंच म्हणाला, "डबा हलवू नका."

दोन महिन्यांत डिस्क पुन्हा भरली. नव्या माणसानं भांडी आत ठेवूनच भिंत सरकवली. सगळं गेलं; क्लासातली कॉपी तर त्यानं जागा करायला आधीच पुसली होती. सर चपला न काढता माझ्या दारात. "आजी, ती डिस्क..." मी त्यांच्यासमोरच नांदेडला फोन लावला. "देऊ का रे? का आधी तुला कामावर घ्यायला लावू?"

"द्या मावशी. पोरांचे मार्क हायत. दोन महिन्यांमागचे का असंनात. पण आधी तिची कॉपी करायला सांगा."

मी सांगितलं. सरांनी डिस्क खिशात घातली अन् गेले. त्याला काही परत बोलावलं नाही.

मागच्या महिन्यात त्यानं कुणाच्या तरी हाती नांदेडच्या खोलीची एक किल्ली पाठवली. तीन तासांच्या वाटेवरची किल्ली माझ्या काय कामाची? ज्वारीच्या डब्यात टाकली आहे. लागते का, ते बघायला जायचं मात्र राहून गेलंय.