मासळीचा बर्फ

मैदानावर ती आली की मासळीचा वास यायचा. पोलीस भरतीसाठी ती रोज पळायची. पळून झालं की प्रकाशा गावच्या मासळीवाल्याकडचा उरलासुरला बर्फ ओढणीत बांधून सुजलेल्या पोटरीवर दाबून धरायची आणि अडेल बैलाला दटावावं तसं पायाला दटावायची.

"ताई, बर्फानं दुखणं दबतं, आतली इजा भरत नाही. आठवडाभर थांब," मैदानावर संघटनेची पत्रकं वाटता वाटता मी सांगायचो.

"मन्हं हाई शेवटलं वरीस शे, भाऊ. मंग वय सरनं. तुम्ही पत्रकं वाटा, मी पयस," म्हणत ती पुन्हा पळायला लागायची.

भरतीच्या दिवशी तिनं बर्फ पळण्याआधीच बांधला, धावताना दुखू नये म्हणून. बधिर पायानं ती सगळ्यांच्या पुढे निघाली. कुंपणालगतच्या वळणावर पोटरी फाटली, ते तिला कळलंही नाही. ती नुसती कोसळली.

पाय बधिर करून पळायला लावणाऱ्या या शर्यतीला मी परीक्षा म्हणणार नाही.

मी कुंपणाबाहेर उभा होतो. ती पोटरीवर बुक्क्या मारत मला विचारत होती, "दुखी नही ऱ्हायनं, भाऊ. मंग हाऊ पाय उठस काबर नही?"

बाकीच्या मुली तिला वळसा घालून पळत राहिल्या.